लोगोवरचं कुंकू

मी जुन्या कॉम्प्युटर कंपन्यांची पोस्टरं जमवतो, हे परभणीत फारसं कुणाला सांगत नाही. सांगितलं की माणसं आधी हसतात, मग घरातली रद्दी आणून देतात. एकानं तर खताच्या कंपनीचं कॅलेंडर दिलं होतं.

सगळ्यात देखणं पोस्टर ताडकळसला होतं, बायकोच्या मावशीकडं. तिच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या काकांनी, गावात पहिला कॉम्प्युटर क्लास काढला तेव्हा मशीनबरोबर ते आलेलं. कंपनी केव्हाच बुडाली, पण लोगो काय होता! निळं वर्तुळ, त्यात आडव्या पांढऱ्या रेघा, खाली खाली बारीक होत गेलेल्या. आणि बरोब्बर मधोमध कुंकवाचा थर. खंडेनवमीला लोक ट्रॅक्टर पूजतात, तसे काका कॉम्प्युटर पूजायचे. मशीनला ओल नको म्हणून कुंकू पोस्टरला. काका गेले, मशीन भंगारात गेलं, पोस्टर भिंतीवर राहिलं. मावशी त्याला नुसती उदबत्ती ओवाळायच्या.

"फ्रेम करून आणतो," म्हणून मी ते उचललं. मनात मात्र नक्कल देऊन अस्सल ठेवून घ्यायचं होतं. फ्लेक्सवाल्याला म्हणालो, हुबेहूब काढ. त्यानं दिलेली गुंडाळी मी थेट मावशींपुढं उलगडली, तर खाली कोपऱ्यात मी! त्या भल्या माणसानं सवयीनं माझा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो 'शुभेच्छुक' म्हणून टाकला होता. मुंडकं माझं, जाकीट आणि जोडलेले हात कुणा पुढाऱ्याचे.

मला वाटलं, सापडलो. मावशींनी शेजारणीला हाक मारली.

"बगा, आमच्या जावयानं नवं करून आणलं. लय चमकायलंय!"

"पण हे हात कोणाचे?"

"त्येंचेच की. कॉम्प्युटरनं गोरे झालेत."

"जुनं पार खराब झालं होतं," मी म्हणालो.

खरं तर जुनं माझ्या कपाटात होतं. कापूस, खोडरबर घेऊन मी त्यावरचं कुंकू कणाकणानं काढलं होतं. लोगो नव्यासारखा निघाला. नोकरी लागली तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

दसऱ्याला सोनं द्यायला गेलो, तर फ्लेक्सवर माझ्या कपाळाला कुंकू. मावशी सहज म्हणाल्या, "जुन्यावर कुंकवात त्येंचा अंगठा उमटलेला होता, जावईबापू. तेवढा तुकडा कापून ठिवायचं राह्यलं बगा."

पुढचे काही दिवस मी ते कपाट उघडलंच नाही. मग पोस्टर घेऊन गेलो आणि सगळं सांगितलं: फ्लेक्स, थाप, खोडरबर.

मावशींनी ते दारातल्या उजेडात धरलं. निळ्या वर्तुळावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मी शिव्यांची वाट पाहत होतो.

"तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "ह्याच्यात आता कोणी न्हाई. त्याच्यात निदान तुमी तरी दिसता."

मग उठल्या आणि पदरानं फ्लेक्स पुसायला लागल्या. आधी माझं तोंड.