पंप चालू असताना बसायचं नाही

आदरणीय भास्करराव रसाळ सरांची आणि माझी पहिली भेट एका खुर्चीवरून झाली, आणि ती काही सुखाची नव्हती. परराज्यातल्या एका चाचणी विहिरीवर मी भूभौतिकीची नवखी अभियंता म्हणून रुजू झाले होते. खूप खोलवरच्या शेल खडकात प्रचंड दाबाने पाणी घुसवायचं, खडक फोडायचा आणि त्यात अडकलेला वायू मोकळा करायचा, असं तिथलं काम. पंप धडधडत होते. मी नोंदयंत्रासमोर खुर्ची ओढली, तोच मागून आवाज आला, "ऊठ. पंप चालू असताना बसायचं न्हाई."

एवढ्या लांब आपल्याकडची मराठी ऐकून मी आधी चकित झाले, मग मनातून चिडले. पंप थांबल्यावर चहाचा पेला सरांनीच आणून दिला. सकाळी आईशी फोनवर चाललेलं माझं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. "कुठली गं तू?" दौंडची म्हटल्यावर त्यांचा चेहरा फुलला. ते शिरूर तालुक्यातले, कवठे येमाईच्या पलीकडच्या एका वाडीतले. "दौंडात कुठं?" मी आमच्या बौद्धवस्तीचं नाव सांगितलं. हे उत्तर दिल्यावर समोर पसरणारी शांतता मला पाठ होती. ती पसरली नाही. सर म्हणाले, "म्हंजी उन्हाची सवय हाय. उद्या उभं राहायला तक्रार न्हाई चालायची."

त्या नियमाचं कारण मला पुढे कळलं. सर म्हणत, "बसल्याला माणूस पुढच्या टप्प्याला हो म्हणतो." दाब वाढवायचा प्रत्येक टप्पा ठरवताना हो म्हणणं सोपं असतं. वरिष्ठ खूश, गुत्तेदार खूश. पाय दुखत असले की माणूस निदान विचारतो तरी, की हे अजून किती वेळ आणि कशासाठी.

सरांची सगळी काळजी भ्रंशांची होती. भ्रंश म्हणजे जमिनीच्या पोटातली जुनी चीर. तिच्या दोन्ही बाजूंचे खडक कधीकाळी एकमेकांवरून सरकलेले असतात आणि आता वरच्या ओझ्याने एकमेकांना घट्ट धरून असतात. सर जात्याचं उदाहरण देत. वरच्या तळीच्या, म्हणजे वरच्या दगडाच्या, वजनाने दोन्ही तळ्या एकमेकींना धरून बसतात. मधे दाबाने पाणी शिरलं की ते वरची तळी उचलून धरतं आणि थोड्याशा जोरानेही ती सरकते. "पाणी धक्का देत न्हाई, पाणी पकड सोडवतं," हे वाक्य मी आज माझ्या विद्यार्थ्यांना माझंच असल्यासारखं ऐकवते.

त्याच विहिरीवर एकदा आमच्या पडद्यावर बारीक कंपनांचे ठिपके उमटू लागले. खडक फुटतो तेव्हा ठिपके येणारच. पण हे विहिरीपासून लांब, एका सरळ रेषेत चालले होते. नकाशावर नसलेला भ्रंश जागा होत होता. सरांनी पंप बंद करवले. मुख्य कार्यालयातून फोनवर फोन आले. सर प्रत्येक फोन उभ्यानेच घेत होते आणि नाही म्हणत होते. पंप बंद होऊन काही दिवस गेल्यावर शेजारच्या गावात एक धक्का बसला. फळीवरची भांडी खाली आली, काही भिंतींना तडे गेले. लगेच वरिष्ठांना मुद्दा सापडला: पंप बंद होते, म्हणजे धक्का नैसर्गिक, म्हणजे रसाळांनी काम उगाच थांबवलं! आत कोंडलेला दाब पंप थांबल्यावरही भ्रंशात पसरत राहतो, हे सर जीव तोडून सांगत राहिले. त्यांची बदली झाली. योग्य वेळी थांबलेल्या माणसाच्या हाती पुरावा काहीच उरत नाही, याचा मला तेव्हा आला तसा संताप आजही येतो.

निघण्याच्या आदल्या दिवशी ते त्या गावात घरोघर गेले. मीही सोबत होते. एका म्हातारीने भिंतीचा तडा दाखवत विचारलं, "मशीन कधी बंद करायचं, हे आम्हाला कुणी का नाही विचारलं?"

निवृत्तीनंतर ते वाडीला परतले, आणि इथे ते कुणाचेच सर नाहीत. सगळ्यांचे आप्पा आहेत. आपल्या काळ्या पाषाणात शेलचा वायू नाही. पण आटलेल्या बोअरमध्ये रबरी बूच बसवून खाली दाबाने पाणी सोडायचं आणि खडकाच्या चिरा मोकळ्या करायच्या, हे काम आपल्याकडे होतं. गावाने तशी पंपाची गाडी मागवली. यातला दाब त्या विहिरींच्या मानाने किरकोळ, याने भूकंप होत नाही, हे सरांनीच लोकांना सांगितलं. त्यांची काळजी वेगळी होती. गावची बोअर वरच्या अंगाला आणि बौद्धवस्तीची विहीर खालच्या अंगाला, दोन्ही एकाच जुन्या चिरेवर. चीर जास्त मोकळी झाली तर वस्तीचं पाणी खोल बोअरकडे ओढलं जाणार. वस्तीतल्या शांताबाईंच्या सासूने गावच्या विहिरीवर कुणी घागरीत पाणी वाढेल म्हणून ताटकळत दिवस काढले होते. ते दिवस परत येऊ नयेत, एवढंच शांताबाईंचं म्हणणं होतं.

सरांनी एक अट घातली: शांताबाई विहिरीवर उभ्या राहतील, आणि त्यांनी हात वर केला की मशीन बंद. का, कशासाठी, विचारायचं नाही. सरपंच म्हणाले, "आप्पा, मशीन गावाचं आन् बटण वस्तीच्या हातात?"

"ज्याचं जायाचं, त्याच्या हातात," सर म्हणाले.

त्या दिवशी मी दौंडहून मुद्दाम गेले होते. पाहते तर विहिरीच्या कठड्याला चुना, भोवती रांगोळी, आणि आदल्या संध्याकाळपासून विहिरीला कुणी घागर लावलेली नाही! साहेब लोक येणार, तर आपली विहीर भरलेली दिसावी, ही वस्तीची हौस. सरांनी कपाळाला हात लावला. "आवो, ही काय नवरी हाय का, नटवून दाखवायला? रोजच्यावानी पाणी वढा. वापर बंद ठेवला तर बिघाड कळायचा कसा?" गाडीवाला घड्याळ दाखवत राहिला, सरपंच तणतणत राहिले, आणि वस्तीतल्या बायका हंडे घेऊन आल्या. दुपार सरू लागली तेव्हा पंप सुरू झाला.

दुसऱ्या टप्प्याला शांताबाईंची बादली गढूळ पाणी घेऊन वर आली, म्हणजे दाब चिरेतून विहिरीपर्यंत पोचला होता. त्यांनी हात वर केला. मशीन बंद झालं. विहीर नटलेलीच राहिली असती तर त्या वेळी आत बादलीच गेली नसती.

वस्तीचं पाणी वाचलं. गावची बोअर कोरडी ती कोरडीच राहिली. भावकीने सरांना भरपूर घरचा आहेर दिला. त्यांच्या सख्ख्या भावाच्या दारात उन्हाळाभर टँकर येत होता. अजून एक टप्पा घेतला असता तर दोघांनाही पाणी लागलं असतं का, असं मी विचारलं तेव्हा सर म्हणाले, "म्हाईत न्हाई. म्हाईत न्हाई म्हणून तर थांबलो. पण झोप लागत न्हाई, ह्ये बी खरं हाय."

यंदा, सरांच्या पंचाहत्तरीच्या वर्षी, चिरेपासून दूर नवी बोअर घेतली आणि गाडी पुन्हा आली. या वेळी शांताबाईंना विहिरीवर बोलवायला सरपंच स्वतः गेले. सरांचे गुडघे आता साथ देत नाहीत, तरी ते काठी टेकून विहिरीपाशी उभे होते. बादली वर येत होती, पाणी नितळ होतं. शांताबाई त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "बसा आता, आप्पा. म्या हाय उभी."

आणि सर विहिरीच्या पायरीवर बसले. पंप चालू असताना त्यांना बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, ही या गौरवग्रंथात लिहिणाऱ्या सगळ्यांच्याच मनातली इच्छा. 'सर, आता निवांत बसा, आम्ही उभे आहोत,' असं लिहून हा लेख संपवायचा माझा विचार होता. पण खरं सांगायचं तर उभ्या आहेत त्या एकट्या शांताबाई. आम्ही त्यांचे शिष्य ठिकठिकाणी चांगल्या खुर्च्यांवर बसलो आहोत आणि पुढच्या टप्प्याला हो म्हणत आहोत. म्हणून सर, तुम्ही खूप वर्षं जगा. आम्हाला अजून खुर्चीवरून उठवायचं आहे तुम्हाला.