रामहरीनानांची फुली

गावात आता घरटी दोन मोबाईल आहेत, पण बातमी उघडायची ती रामहरीनानांच्या पिठाच्या गिरणीतच, असा रिवाज पडून गेला आहे. कारण सरळ आहे. हल्लीची बातमी उघडायला जो धीर लागतो तो पारनेर तालुक्यात दुसऱ्या कुणाकडे असेल असं वाटत नाही. गिरणीवाल्याला वाट बघायची आणि बघायला लावायची, दोन्हीची सवय असते.

बातम्या तरी कसल्या? 'ही' भाजी खा, गुडघेदुखी पळून जाईल. 'या' गावात घडलं असं काही की सगळेच चक्रावले. लिहिणाऱ्याला भाजीचं नाव ठाऊक असतं, पण ते आधीच सांगितलं तर त्याच्या पोटात दुखतं. नाव शोधायला आत जावं तर जाहिरातीतला गुडघ्याचा पट्टा आडवा येतो. त्याच्यामागून रम्मी, मग केस उगवणारं तेल, मग तुमच्या मोबाईलमध्ये व्हायरस शिरल्याची धमकी. प्रत्येकाच्या कोपऱ्यात तिळाएवढी फुली. ती दाबायला जावं तर नेमकं पान खाली सरकतं आणि आपण रम्मीच्या दारात.

नाना या कामात तरबेज झाले होते. बोट आधी धोतराला पुसायचं, कारण पिठाचं बोट मोबाईलला चालत नाही. पान हलायचं थांबेपर्यंत दम धरायचा. आणि मध्ये जे काही उडी मारून येईल ते न बघता उडवायचं. बघितलं की गुंतलात, असं ते दळणाला आलेल्या बायकांना बजावत. जाहिराती चारचौघांत भलतीच गाणी लावतात म्हणून मोबाईलचा आवाज त्यांनी कायमचा बंद केला होता. एवढं सगळं करून ते एका शब्दात निकाल देत.

"नाना, कंची भाजी हाय?" भागूबाई विचारायची.

"मेथी."

"आन् मेथीसाठी माझं दळन थांबिवलं व्हय?"

तिचं बरोबरच होतं. पण दुसऱ्या दिवशी नवीन कोडं घेऊन तीच पहिली हजर असायची.

नानांचा मुलगा हर्षल टेम्पो चालवतो. कांदा भरून वाशीला जायचं, माल उतरवून माघारी फिरायचं आणि माळशेज घाट चढून आला की घरी फोन करायचा, हा त्याचा नेम. त्या सकाळी फोन आला नव्हता. दळणाला आलेल्या आसारामची ज्वारी नानांच्या हातून जाड पडली आणि पुन्हा दळली तरी जाडच पडली.

तेवढ्यात गावच्या ग्रुपवर बातमी येऊन पडली. 'माळशेज घाटात कांद्याचा टेम्पो दरीत! चालक 'या' तालुक्यातील, नाव वाचून डोळ्यांत पाणी येईल.'

नानांनी गिरणी बंद केली. हर्षलला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, तेच. मग त्यांनी बोट धोतराला पुसलं आणि बातमी उघडली. बायका डबे खाली ठेवून जवळ सरकल्या.

गुडघ्याचा पट्टा आला. फुली. रम्मी आली. फुली. 'पुढे वाचा' दाबलं, तर गोल चक्र फिरत बसलं. नानांचं बोट शिकलेलं विसरलं नव्हतं. वरून काहीतरी हिरवं-लाल टपकलं, नानांनी न बघता उडवलं. पुन्हा टपकलं, पुन्हा उडवलं.

"मेल्यांनो, हितं मानसाचा जीव चाललाय आन् तुमी तेल इकताय?" नाना ओरडले. गिरणीत त्यांच्या तोंडून वावगा शब्द कुणी ऐकला नव्हता.

परत टपकलं. परत उडवलं. खांद्यावरून वाकून बघणारी भागूबाई म्हणाली, "नाना, त्यो हर्षलचा फोटू हुता."

"कंचा?"

"तुमी उडिवला त्यो."

तेवढ्यात आसारामच्या खिशातला फोन वाजला. पलीकडून हर्षल घाबरून विचारत होता, "काका, नानांना काय झालंय का? सारखा फोन कापत्यात."

आसारामने फोन नानांच्या कानाला लावला.

"कुठं हायेस?"

"आळेफाट्याला. घाट बंद हुता, अडकून पडल्तो. तुमी बरं हाय ना?"

नाना पोत्यावर बसले आणि सगळ्यांसमोर रडले. भागूबाईने पदर डोळ्यांना लावला आणि पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला. पोरगा सुखरूप होता, एवढं सुख त्यांना उभ्या जन्मात झालं नव्हतं.

गिरणीतली माणसं हसायबोलायला लागली तेव्हा कुठे ते पान उघडलं. फोटो होता, नाव होतं, अकोले तालुक्यातलं गाव होतं. वय हर्षलएवढंच. खाली 'ही बातमी कशी वाटली' म्हणून विचारलं होतं आणि निवडायला पाच तारे होते.

"कोन हुता मग?" आसारामने विचारलं.

नानांनी नाव मनात वाचलं आणि मोबाईल खिशात टाकला.

"सांगा की, नाना."

"न्हाई," नाना म्हणाले. "त्याच्या बापाचं पान अजून उघडलं नसंल."