असूदेबाई आणि बंद पडलेला सर्व्हर

ज्यांच्याविषयी लिहायला बसलो आहे त्या बाईंची मला फारशी माहिती नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आम्ही काही वर्षं एकाच इमारतीत काम केलं. त्या तिसऱ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. त्यांना भावंडं किती, लग्न झालं होतं का, शिकल्या कुठे, यातलं मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. मला माहीत असलेल्या गोष्टी अगदी किरकोळ आहेत. संत्रं सोलताना त्या साल एकाच पट्टीत काढत. बाहेर कितीही उकडत असलं तरी खांद्यावर राखाडी स्वेटर असे, कारण सर्व्हरची खोली कायम गार ठेवावी लागते. आणि त्यांच्या वडिलांना कमी ऐकू येतं, हे तर सगळ्या इमारतीलाच माहीत होतं. जेवणाच्या सुट्टीत त्या जिन्यात उभ्या राहून घरी फोन लावत आणि खणखणीत आवाजात विचारत, "बाबा, गॅस बंद केलात का? आठवत नाही? मग जाऊन बघून या. मी धरते फोन." मग आम्ही सगळेच घास हातात धरून थांबायचो, म्हातारबुवा स्वयंपाकघरातून परत येईपर्यंत.

आमची संस्था अंध वाचकांसाठी पुस्तकं बोलती करते. निवृत्त झाल्यावर वेळ जाईना म्हणून मी तिथे वाचक झालो. एका लहानशा बंद खोलीत बसून मी पुस्तक मोठ्याने वाचतो, ते थेट सर्व्हरवर ध्वनिमुद्रित होतं, कुणीतरी त्यातल्या चुका कापतं, आणि मग लोक आपापल्या फोनवरून ते ऐकतात. सर्व्हर म्हणजे काय ते मला आजही नीट कळत नाही. माझ्या मते ते एक मोठं कपाट, आणि त्याची किल्ली बाईंकडे.

त्यांना असूदेबाई हे नाव आमच्या रखवालदाराने ठेवलं. जुन्या वायरी, एक बटण उडालेले कीबोर्ड, रिकामी खोकी, पातं नसलेला पंखा, काहीही टाकायला निघाला की बाई म्हणत, "असू दे, लागेल कधीतरी," आणि चिठ्ठी चिकटवून आपल्या खोलीतल्या कपाटात ठेवत. तो म्हणायचा, मी रिटायर झालो की बाई मलाही चिठ्ठी चिकटवून त्या कपाटात ठेवणार. हे नाव बाईंना माहीत होतं. त्यांची काही तक्रार नव्हती.

त्यांची आणखी एक सवय होती. कामात कुठे अडलं की त्या कुणालातरी शेजारी बसवत, स्वतः डोळे मिटून घेत आणि पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवायला लावत. त्यांचं म्हणणं, आपण वाचायला गेलो की आपल्याला हवं तेच दिसतं. मला त्या मुद्दाम बोलावत, कारण मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे मी काही गाळत नाही. ही माझी स्तुती होती की काय, हे मी विचारलं नाही.

आता त्या दिवसाचं सांगतो.

आमची पुस्तकं ऐकणारी एक वाचक आहे, तिला आम्ही वकील व्हायच्या आधीपासूनच वकीलसाहेब म्हणत आलो. जन्मापासून अंध, एका रुग्णालयात टेलिफोन ऑपरेटर. नोकरी सांभाळून तिने कायद्याचा अभ्यास केला, बाकीचे सगळे विषय सुटले, पुराव्याचा कायदा तेवढा राहिला. त्यात ती आधी नापास झाली होती आणि नियमाप्रमाणे ही तिची शेवटची संधी होती. यात गेली तर इतक्या वर्षांचं सगळंच गेलं. त्यातच कायदा बदलला आणि पुस्तकाची नवी आवृत्ती आली. बदललेली तीन प्रकरणं मी त्याच आठवड्यात वाचून पूर्ण केली होती. परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. तिने अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती, आणि दुपारपासून ती प्रकरणं ऐकत बसायची, असं ठरलं होतं.

नेमकं त्याच सकाळी सर्व्हरचं सुरक्षा अपडेट करावं लागलं. सर्व्हर ज्या प्रणालीवर चालतो तिच्यात एक भोक सापडलं होतं आणि त्यातून लोक ठिकठिकाणी आत शिरत होते, असा इशारा आला होता. संचालक म्हणाले, आजच करा. परीक्षा होऊ द्यावी, असं बाईंच्या मनात होतं. पण शेवटी त्याच म्हणाल्या की कुलूप मोडलंय हे कळल्यावर दार नुसतं लोटून झोपता येत नाही.

मी पोहोचलो तेव्हा रखवालदाराने वर बोट दाखवलं आणि म्हणाला, "आज वरचं लक्षण ठीक नाही. बाईंनी चहा परत पाठवला." तेवढ्यात बाईच जिना उतरून आल्या. चेहरा उतरलेला. काका, जरा वर येता का, एवढंच म्हणाल्या.

त्या खोलीत एकच खुर्ची होती, ती त्यांनी मला दिली आणि स्वतः उलट्या खोक्यावर बसल्या. यंत्राचे पंखे घोंघावत होते, पण पडदा काळा आणि त्यावर पांढरी अक्षरं, जागच्या जागी थिजलेली. अपडेट झालं, यंत्र पुन्हा सुरू केलं आणि ते इथे येऊन अडलं. बाईंनी डोळे मिटले. मी वाचत गेलो, पोपटासारखा, टिंबं आणि आकडे यांच्यासकट. शेवटच्या ओळीत पॅनिक असा शब्द होता. यंत्रंही घाबरतात हे मला तेव्हा कळलं.

बाईंनी मला समजेल अशा भाषेत सांगितलं. दोनच शक्यता. एक तर पुस्तकं साठवलेली डिस्क गेली. नाहीतर डिस्क धडधाकट आहे, पण यंत्राला तिच्यापर्यंत जायची वाट सापडत नाही. डिस्क गेली असेल तर जुनी पुस्तकं राखीव प्रतीतून परत येतील, दोनेक दिवसांत. पण राखीव प्रत दर रविवारी निघत असे आणि ती तीन प्रकरणं रविवारनंतरची. ती दुसरीकडे कुठेच नव्हती.

मी म्हणालो, मी पुन्हा वाचतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आठवडाभर वाचून माझा घसा इतका बसला होता की मला वाचतो हा शब्दही धड म्हणता आला नव्हता.

तेवढ्यात वकीलसाहेबांचा फोन आला. पुस्तक उघडत नाही म्हणून. सारवासारव करता आली असती. बाईंनी केली नाही. म्हणाल्या, "सर्व्हर बंद आहे. सकाळी मीच अपडेट केलं आणि तो उठलाच नाही. प्रकरणं आहेत की गेली, मला अजून माहीत नाही."

ती म्हणाली, "मी थांबते, बाई. दुसरं करणार तरी काय?"

फोन ठेवल्यावर बाईंनी स्वेटरच्या बाह्या वर केल्या. यंत्र पुन्हा सुरू केलं आणि अगदी सुरुवातीलाच एक कळ दाबून धरली. पडद्यावर एक यादी आली. त्यांनी डोळे मिटले, मी वाचायला लागलो. प्रत्येक ओळीत तेच नाव, फक्त शेवटचा आकडा लहान होत जाणारा. वाचता वाचता पडदा संपला तरी यादी संपेना.

"किती आहेत हो?" मी विचारलं.

बाई ओशाळल्या. या प्रणालीचा एक गाभा असतो, यंत्र जागं करणारा, त्याला कर्नल म्हणतात. प्रत्येक मोठ्या अपडेटला नवा गाभा येतो आणि जुना मागे राहतो. बाकीचे लोक एखाददुसरा ठेवून उरलेले काढून टाकतात. बाईंनी एकही काढला नव्हता.

त्यांनी आजच्या गाभ्याच्या आधीचा निवडला. अक्षरं भराभर धावू लागली, माझा वाचण्याचा वेग कमी पडला, मी मधल्या ओळी सोडल्या तर त्या म्हणाल्या, सोडू नका. शेवटी धावणं थांबलं आणि यंत्र जागं होऊन आत येणाऱ्याचं नाव विचारू लागलं. नाव विचारतंय, असं मी म्हणताच त्यांनी डोळे उघडले. घाईत पासवर्ड दोनदा चुकला. मग त्यांनी ती प्रकरणं शोधली आणि पहिलं उघडलं. त्या गार खोलीत माझाच बसका आवाज आला, प्रकरणाचं नाव सांगणारा आणि मग खोकणारा. स्वतःचा आवाज ऐकून मला इतका आनंद कधी झाला नव्हता. डिस्क शाबूत होती.

सगळ्यात आधी त्यांनी ती तिन्ही प्रकरणं एका वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतली आणि ती डिस्क माझ्या हातात दिली. "धरून बसा," म्हणाल्या. मी ती दोन्ही हातांनी धरली.

तेवढ्यात संचालक वर आले. यंत्र चालू दिसल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला आणि ते लगेच म्हणाले की आता परीक्षा होईपर्यंत कुणी हात लावू नका. सकाळी अपडेटची घाई त्यांनीच केली होती, पण ते कुणी बोलून दाखवलं नाही. बाई म्हणाल्या की चालू झालाय तो जुन्या गाभ्यावर, भोक होतं तिथेच आहे. प्रकरणं सुरक्षित आहेत. आता बिघाड का झाला ते शोधते, सापडलं तरच हात लावते. संचालक गेले नाहीत, दारातच उभे राहिले.

अपडेट करताना यंत्र आपण काय काय केलं ते लिहून ठेवतं. ते बाईंनी उघडलं आणि माझं वाचन सुरू झालं. ओळीमागून ओळ, सगळं ठीक, सगळं ठीक. मला झोप यायला लागली. त्या रांगेत मध्येच एक ओळ वेगळी निघाली. मी ती इतरांसारखीच वाचली आणि पुढे निघालो.

"मागे जा," बाई म्हणाल्या. "ती परत वाचा."

जागा शिल्लक नाही, असं लिहिलं होतं.

बाई खोक्यावर बसल्या बसल्या हसू लागल्या. संचालकांना वाटलं, अपडेटच सदोष होतं. कंपनीला कडक तक्रार लिहायची तयारी त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. कुणाला तरी दोष देता येणार म्हणून ते जरा खूशही होते.

"अपडेट चांगलं होतं," बाई म्हणाल्या. "जागा मी अडवली होती."

मग त्यांनी उलगडून सांगितलं. गाभे ठेवायचा कप्पा छोटा असतो. तो त्यांनी जपून ठेवलेल्या जुन्या गाभ्यांनी गच्च भरला होता. नवा गाभा आला, अर्धाच मावला, आणि यंत्र त्या अर्ध्यावर उठायला गेलं. संचालकांनी विचारलं, मग मी कंपनीला काय लिहू? काही नको, बाई म्हणाल्या. तेव्हा ते म्हणाले, पुढच्या वेळी आधी जागा बघत जा, आणि खाली गेले. इतक्यावर भागेल असं बाईंनाही वाटलं नसावं, कारण त्यांनी मोठा श्वास सोडला.

मी म्हणालो, पण जुने ठेवले होते म्हणूनच तर आज यंत्र उठलं. त्या म्हणाल्या, एक ठेवला असता तरी उठलं असतं, काका. आणि रखवालदाराला यातलं काही सांगू नका, नाहीतर माझी धडगत नाही.

मग काढायचं काम. मी एकेक नाव वाचायचं, त्यांनी ते पुसायचं. सुरुवातीला प्रत्येकापाशी त्या थबकत होत्या, हा फार चांगला चालला, हा वडिलांच्या आजारपणात, असं काहीबाही म्हणत होत्या. मग हात चालू लागला. शेवटी दोन उरले तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "एवढे ठेवते हं." जसा काही मी हिशेब घ्यायला बसलो होतो.

अपडेट पुन्हा लावलं. ते चालू असताना त्यांनी संत्रं सोललं आणि अर्धं मला दिलं. माझे दोन्ही हात डिस्कने अडलेले, म्हणून मला ते खाता येईना. त्या म्हणाल्या, अहो काका, आता ती खाली ठेवली तरी चालेल. मी ती मांडीवर ठेवली.

मग यंत्र पुन्हा सुरू केलं. बाईंनी डोळे इतके घट्ट मिटले की कपाळावर आठ्या पडल्या. मी वाचत गेलो. सर्वांत वर नवा आकडा, मग धावणाऱ्या ओळी, आणि मग यंत्राने नाव विचारलं.

वकीलसाहेबांना फोन लावला तेव्हा पहिली घंटी पुरी व्हायच्या आत तिने उचलला. बाई म्हणाल्या, बघ उघडतंय का. आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो. थोड्या वेळाने फोनमधून माझाच आवाज आला, आणि त्यावरून तिचा.

"उघडलं, बाई. काका खोकतात तेवढं कापायचं राहिलंय."

"कापायला वेळ कुठे होता? तू अभ्यासाला बस."

ती पास झाली. आता खरोखरची वकील आहे आणि माझ्या कायद्याच्या उच्चारांवर हसते. पास झाल्याचं मला पुष्कळ नंतर कळलं, कारण दुसऱ्याच दिवशी मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीच्या गावी गेलो आणि तिथे महिन्यांमागून महिने राहिलो. परत आलो तेव्हा असूदेबाई नोकरी सोडून वडिलांना घेऊन दुसऱ्या गावी गेल्या होत्या. कुणाकडे, ते रखवालदारालाही माहीत नव्हतं. त्या बऱ्या असतील असं मला वाटतं.

त्या संध्याकाळी निघताना मी निरोप घ्यायला वर गेलो होतो. त्या खोलीचा दिवा बंद करत होत्या.

"उद्या पेपर झाला की तिचा फोन येईल," त्या म्हणाल्या. "तुम्ही असाल ना?"

"नाही, उद्या मुलीकडे चाललोय. डोळ्याचं करायचंय."

"मग मी घेते. तुम्ही निघा, बस चुकेल."

"येतो," मी म्हणालो.

"या."