घरोघर पुसलेला मजकूर

राजानंद चहा बशीत ओतून निववायचा आणि पुन्हा कपात घेऊन प्यायचा. रस्त्यात कोणी भेटलं की गाडी बंद करूनच बोलायचा. हसताना मान खाली घालायचा. दुसऱ्याच्या मोबाइलला बोट लावण्याआधी विचारायचा, "हात लावू का?"

मंगळवारपासून तो कोठडीत आहे. मला अजून ते खरं वाटत नाही.

जालन्याला बीसीए करून तो आष्टीला परतला आणि त्याने 'पार' नावाचं ॲप बनवलं. त्याला कंपनी नाही, मधला सर्व्हर नाही. एकाने लिहिलेलं शेजारच्या फोनवर जातं, तिथून पुढच्या. प्रत्येकाकडे प्रत राहते. टँकर कधी येणार, कापूस वेचायला बाया पाहिजेत, कुणाची म्हैस सुटली, असं सगळं त्यावर यायचं.

"याचा मालक कोण?" मी एकदा विचारलं होतं.

"वडाखालच्या पाराला असतो का मालक?"

श्रावणात कोणीतरी खोट्या नावाने त्यावर लिहिलं, की अंगणवाडीच्या प्रभावतीताई पोरांचा आहार विकतात. ते धादांत खोटं होतं. ताई राजानंदच्याच गल्लीतल्या. त्या त्याच्या दारात आल्या.

"काढून टाक ते."

"ताई, माझ्या हातात न्हाई. सगळ्यांच्या फोनात गेलंय."

"मंग बनवलंस कशाला? बनवता येतं अन् पुसता येत न्हाई?"

त्याने खिशातून फोन काढला. आधी स्वतःच्या फोनमधलं पुसलं.

ताईंनी ठाण्यात तक्रार दिली. मजकूर ताबडतोब काढा, अशी नोटीस त्याला आली. एका जागेवरून मजकूर निघणार नव्हता. म्हणून राजानंद दारोदार निघाला. पहिल्या दिवशी मी सोबत होतो.

"मतं मागून राह्यला का रे?" दुकानाच्या गल्ल्यावरून संपतमामा म्हणाले.

"न्हाई मामा. ताईंचं ते पुसा."

"पुसतो. एकदा बराबर वाचू तर दे."

बाकावरची माणसं हसली. मामांनी पुसेपर्यंत राजानंद तिथेच उभा राहिला.

गाव उरकत आलं तेव्हा ठाण्यातून बोलावणं आलं.

"लोकांना पुसायला तू सांगितलंस?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब. नोटिशीत काढा म्हणलं होतं."

"तू काढायचं होतंस. लोकांकडून पुरावा पुसून घ्यायचा न्हाई. आता लिहिणारा कुठून शोधायचा?"

प्रत्येक प्रतीला लिहिणाऱ्या फोनची खूण चिकटलेली असते. प्रत पुसली की खूणही जाते. हे साहेबांना त्यानेच समजावून सांगितलं. ताईंनी तक्रारीला जोडलेल्या स्क्रीनच्या फोटोत ती खूण येत नाही. पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा त्याच्यावर लागला. लिहिणाराही तोच असावा, असा आता संशय आहे.

परतूरच्या वकील तृप्तीताईंनी मला एवढंच सांगितलं, "न पुसलेली एक तरी प्रत पाहिजे. त्याला विचारा."

कोठडीच्या गजांपाशी जाऊन मी त्याला विचारलं. 

"ओढ्यापलीकडच्या वस्तीवर न्हाई गेल्तो. गाडी पंक्चर झाली. म्हणलं, उद्या जाऊ." मग हळूच म्हणाला, "तिथलं पुसू नका म्हणावं. प्रभावतीताईंना मात्र सांगू नको."

ती घरं तेवढी राहिली. तिथल्या फोनमध्ये प्रभावतीताईंबद्दल ते अजून तसंच लिहिलेलं आहे.