कवळीसाठी जास्तीचे अकरा दिवस

माझा धाकटा भाऊ कवळ्या बनवतो. दातांच्या कवळ्या. नवीन माणूस भेटला की तो आधी त्याच्या तोंडाकडे बघतो, मग डोळ्यांकडे. आठ वर्षं तो परदेशात दातांच्या एका लॅबमध्ये होता. बायको तिथंच नर्स, मुलगी सहा वर्षांची. आणि हा पठ्ठ्या एका सकाळी एकटाच, एक बॅग घेऊन माझ्या दारात हजर.

"कागद नवे होईपर्यंत आलोय, ताई," म्हणाला.

मी म्हटलं, बरं. पण पाणी कुठंतरी मुरतंय हे कळलंच. सुट्टीवर आलेला माणूस परतीची तारीख सांगतो. ह्याला तारीख विचारली की हा नळ दुरुस्त करायला उठायचा. माझा नळ गळतही नव्हता.

मी संशयी आहे, मान्य. घरात मला 'चौकशी खिडकी' म्हणतात. व्हिसाचे अर्ज भरून देणं हा माझा धंदा. दिवसभर लोक समोर बसून थापा मारतात. मी त्याच्या मागेच लागले. बायकोशी वाजलंय का? दुसरी कोणी आहे का? लॅबमधून काही उचललंस का? तो नुसती मान हलवायचा. मी त्याचे खिसे तपासले, बॅगेचं अस्तर चाचपलं. सापडलं काय, तर मेणाचे दोन तुकडे आणि मुलीचा पडलेला दात, कापसात गुंडाळलेला. तो दात बघून वाईट वाटलं, पण संशय काही गेला नाही.

मुलगी रोज दुपारी फोन करायची. "बाबा, कधी?" हा म्हणायचा, "लवकरच." चार महिने हे ऐकून माझं डोकं फिरलं. एक दिवस त्याला ओढतच माझ्या दुकानात नेलं. "बस. अर्ज आज जातोय."

"ताई, थांबू या ना. वर्षभर तरी."

"का रे, वर्षानं काय मुहूर्त आहे?"

तो टेबलावरचा स्टेपलर उघडून दुरुस्त करू लागला. म्हटलं, बघा, आहेच काहीतरी काळंबेरं. मी अर्ज भरला. शेवटच्या पानावर नऊ प्रश्न असतात: गुन्हा केलाय का, कुठून हाकललंय का, मुदतीपेक्षा जास्त राहिलाय का, असले. हे नऊ मी कधीच कोणाला वाचून दाखवत नाही. वरपासून खालपर्यंत 'नाही'वर खुणा करत जाते. इतक्या वर्षांची हाताची सवय. "कर सही," म्हटलं. त्यानं न वाचता केली. माझ्याशी वाद घालण्यापेक्षा नकार आलेला परवडला, असं त्याला वाटलं असणार.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. मी उभ्यानंच वाचलं. परमिट संपल्यावर अर्जदार अकरा दिवस जास्त राहिला. निघताना एक वर्षाची प्रवेशबंदी घातली, त्या कागदावर त्याची सही आहे. तरीही अर्जात खोटी माहिती दिली. सबब, आता बंदी दहा वर्षांची.

"अकरा दिवस काय करत होतास?" मी पत्र त्याच्यापुढं धरलं.

"एका आजीबाईंची कवळी मेणात बसवून पाहिली होती, पक्की व्हायची होती. दुसऱ्याच्या हाती दिली असती तर हिरड्यांना टोचली असती. वाटलं, अकरा दिवसांनी काय होतंय. विमानतळावर कळलं." मग खाली बघत म्हणाला, "बायकोलाही सांगितलं नाही. म्हटलं, वर्ष काय, निघून जाईल."

असा हा माझा भाऊ. परक्या म्हातारीला चार घास नीट खाता यावेत म्हणून थांबला. आणि मी, त्याच्या बॅगेचं अस्तर चाचपणारी, नेमकं विचारायचं तेच विचारलं नाही. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. दहा वर्षांनी ती पोर सोळा वर्षांची असेल.

भावजयीला फोन मीच लावला. कवळी, अकरा दिवस, एक वर्षाची बंदी, माझ्या खुणा; काही म्हणजे काही लपवलं नाही.

"वन्सं," ती म्हणाली, "तुमचा धंदाच अर्ज भरायचा. तुमच्या हातून अशी चूक? आणि कवळीसाठी कोणी राहतं का? भावाला पाठीशी घालताय तुम्ही. तिकडं कोण आहे, तेवढं सांगा."

"अगं, पत्र पाठवते. तूच वाच."

"पत्र काय, तुमच्या दुकानात हवं तसं छापून मिळेल. लेकीला मी सांगते, बाबा येणार नाहीत म्हणून." आणि तिनं फोन ठेवला.