उलट्या शिवणीच्या मावशी

नव्या डॉक्टरांनी मावशींच्या हातातून रक्त काढलं, सुई अलगद बाहेर घेतली आणि हाताला पडलेल्या सवयीने त्या जागेवर चांगली बोटभर चिकटपट्टी फटकन लावून टाकली.

सिस्टर किंचाळल्या. मग डॉक्टरांना उमगलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मावशींच्या घराण्यात चालत आलेल्या कातडीच्या आजारावर संशोधन करायलाच तर ते या खात्यात आले होते! कातडीच्या वरच्या थराला खालच्या थराशी बांधून ठेवणारे टाके या मंडळींचे जन्मापासूनच कच्चे. जरा घासलं की फोड. आता पट्टी ओढायची म्हणजे सोबत कातडीही यायची.

मावशींनी हाताकडे पाहिलं. "ठेवलात भाडेकरू? आता तो काही सुखासुखी जागा सोडायचा नाही."

"मावशी, माफ करा, मी..."

"माफी मागाल सावकाश. आधी तेल आणा."

तेल आलं. पट्टीच्या कडेने एकेक थेंब सोडायचा, कापसाने चिकटा सैल करायचा, केसभर पुढे सरकायचं. डॉक्टर स्टुलावर बसून कामाला लागले, पण त्यांचा अर्धा जीव दाराबाहेरच्या बाकावर होता. तिथे मावशींचे थोरले भाऊ, दादा, बसले होते. आईबाप तेच, आजार तोच. तरी मावशी शिवणाचं दुकान चालवतात आणि दादांची बोटं मात्र मुठीत आखडून गेलेली. असं का, हेच तर शोधायचं होतं, आणि त्यासाठी दोघांचंही रक्त हवं होतं. लहानपणी एका दवाखान्यात दादांची पट्टी अशीच कुणीतरी खसकन ओढली होती. तेव्हापासून त्यांनी दवाखान्याचं नाव टाकलेलं. आज आले ते बहिणीच्या शब्दाखातर, तेही अटीवर: "तू धड बाहेर आलीस, तर मी आत जाईन."

मावशी मात्र गप्पांत रंगल्या. त्यांचे सगळे कपडे उलटे शिवलेले. शिवण बाहेर, मऊ बाजू आत. गिऱ्हाईक म्हणतं, "अहो, सदरा उलटा घातलात!" मावशी म्हणतात, "घाई झाली हो, उद्या सुलटा घालीन." वर्षानुवर्षं हेच चाललंय.

"आणि आमचे हे घड्याळजी. लग्नाच्या वेळी लोकांनी त्यांना घाबरवलं, अरे, हिला धक्का लागला तरी फोड येतो! तर हे म्हणाले, माझ्या टेबलावरची कुठलीच वस्तू दाबलेली चालत नाही. अजूनही भांडताना टेबलावर हात आपटत नाहीत. स्प्रिंगा उडतील म्हणून!"

डॉक्टरांना हसू फुटलं.

"हसा, पण हात हलवू नका."

तेवढ्यात दारातून आवाज आला. "रक्त काढताय की विहीर उपसताय?"

दादा उभे होते. त्यांनी तेलाची बाटली पाहिली, पट्टी पाहिली, आणि त्यांचा चेहरा उतरला. डॉक्टर उठून उभे राहिले. "दादा, पट्टी मी लावली. चूक माझीच."

"बसा खाली," मावशी म्हणाल्या. "काम अर्धवट टाकून भाषण नको."

डॉक्टर बसले. थेंब, कापूस, केसभर. पुन्हा थेंब. दादा चौकटीला न टेकता तसेच बघत राहिले. शेवटी पट्टी आपणहून सुटल्यासारखी गळून पडली. मागे एक लाल डाग आणि मसुरीएवढा फोड.

"हा फोड?" दादांनी विचारलं.

"एवढा तर मला चपलेचा पट्टाही देतो, दादा. उगीच त्याचं कौतुक नको."

दादा आत आले, खुर्चीत बसले आणि आखडलेल्या मुठीनेच बाही वर सारू लागले.

डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. ते मावशींच्या कानाशी वाकून म्हणाले, "खात्याच्या मोठ्या मॅडमना बोलावतो. यांचं रक्त त्यांनाच घेऊ द्या, नाही का?"

"तुम्हीच घ्या," मावशी म्हणाल्या, "पट्टीला तुमच्याइतकं घाबरलेलं माणूस या अख्ख्या इमारतीत दुसरं नाही."