स्टेरिंगवाल्याला गाडी लागत नाही

इटलीतली पहिली उलटी मी ओर्ता नावाच्या तळ्याच्या अलीकडच्या वळणावर केली. जावयांनी गाडी बाजूला घेतली, पोरीने दार उघडलं, आणि मी एका चांगल्या घराच्या कुंपणाशी उकिडवा बसलो. कुंपणावर गुलाबी फुलं होती. घरातली म्हातारी खिडकीतून बघत होती. तिने हात हलवला. मीपण हलवला. दुसरं काय करणार.

सुपा ते पारनेर जीप चालवण्यात माझं आयुष्य गेलं. वडाप म्हणतात त्याला आमच्याकडं. आत मावतील तेवढी माणसं भरायची, उरलेली मागं लटकवायची आणि निघायचं. कुणी ओकलं नाही असा आठवडा जात नसे, पण ओकणारा मी कधीच नव्हतो. बायकोला मात्र गाडी लागायची. माहेरी जायचं म्हणलं की आदल्या दिवसापासून तिचं तोंड उतरायचं. पदराच्या गाठीला लिंबू बांधून, खिडकीला डोकं टेकून, डोळे मिटून बसायची. मला ते नखरे वाटायचे. मी म्हणायचो, "आगं, रस्त्याकडं बघ, म्हंजी लागत न्हाई."

ती डोळे न उघडता म्हणायची, "तुमच्या हातात स्टेरिंग हाय म्हणून बोलताय."

ती जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि मी इटलीत होतो तो तिच्यामुळंच. नीट सांगायचं तर कावळ्यामुळं.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, माणसं मागं सरली, पण कावळा काही शिवेना. कावळे नव्हते असं नाही. बाभळीवर ओळीने बसले होते, पण खाली यायला तयार नव्हते. अशा वेळी गेलेल्या माणसाचा जीव कशात तरी अडकलाय असं धरतात आणि ज्याने त्याने पुढं होऊन शब्द द्यायचा असतो. माझा धाकटा भाऊ म्हणाला, "वैनी, तुमची गाय इकणार न्हाई." कावळे हलले नाहीत. मेव्हणा म्हणाला, "अक्का, देवीला तुझ्या नावाची साडी मी नेतो." तरी नाही. मग मला पुढं ढकललं. मी म्हणालो, "जेव आता. माणसं उन्हात उभी हायेत." बाया तोंडाला पदर लावून हसल्या आणि गुरुजी चिडले. ते दर्भाचा कावळा वळायला बसले. खरा आला नाही तर गवताच्या कावळ्यावर भागवतात.

तेवढ्यात पोर पुढं झाली. आम्हाला ती एकटीच. तिचा नवरा मिलान शहराजवळ मशीनच्या कारखान्यात इंजिनिअर, तीपण तिथंच नोकरीला. तिला आईचं तोंड बघायला मिळालं नव्हतं. विमान मिळून ती पोचेपर्यंत आम्ही सगळं उरकलं होतं. आल्यापासून ती रडलीसुद्धा नव्हती. पिंडासमोर उभी राहून ती म्हणाली, "आई, अण्णांना मी एकटं ठेवणार नाही. माझ्याकडं घेऊन जाईन."

बाभळीवरून एक कावळा सरळ खाली उतरला आणि भाताला चोच लावून गेला. तेव्हा ती रडली. बायांनी तिला धरलं. एक म्हातारी म्हणाली, "माउलीचा जीव नवऱ्यात अडकला व्हता गं."

त्या दिवसापासून गावाने मला पाहुण्यातच धरलं. चहाच्या टपरीवर जो तो विचारायचा, "अजून हितंच? कवा जाताय?" कावळ्यासमोर दिलेला शब्द मोडला तर गेलेलं माणूस तळमळत राहतं म्हणतात. मला ते पटतं का, हा प्रश्नच नव्हता. पोरीला पटत होतं. तिने माझा पासपोर्ट काढला, विसा काढला, आणि स्वतः येऊन घेऊन गेली. परतीचं तिकीट होतं, पण "ते नुसतं दाखवायला, अण्णा" असं म्हणाली. दोन-अडीच महिने मी तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात बसून काढले. मग ती म्हणाली, "आता आठवडाभर गाडीने तळी बघत फिरू, आणि परत आलो की तुमचं कायमचं राहायचं ठरवून टाकू." ठरवायचं म्हणजे मी हो म्हणायचं. मला गावाला जायचं होतं. पण तिच्या शब्दाचं काय करायचं ते कळत नव्हतं, म्हणून मी बोलत नव्हतो. गाव मला तोंडाचा फटकळ म्हणतं. तो माणूस एवढे दिवस गप्प बसला.

तिकडं स्टेरिंग डावीकडं असतं. मला मानाने पुढं बसवलं ते उजवीकडं, म्हणजे माझ्या रोजच्याच जागेवर, फक्त हातात काही नाही. समोर गाडी दिसली की पाय आपोआप ब्रेक दाबायचा.

"मामा, पत्रा फाडाल," जावई म्हणायचे.

"पाव्हणं, म्होरं टेम्पो हाय."

"टेम्पो उभा आहे, मामा."

"उभा असलेलाच निघतो."

मागून पोर हसायची. वळणावर भिंतीला गोल आरसे लावलेत, पलीकडची गाडी दिसावी म्हणून. हॉर्न कुणी वाजवत नाही. घाटात हॉर्न न देता वळायचं, हे माझ्या पोटाला शेवटपर्यंत पटलं नाही. रस्ता एवढा अरुंद की एका बाजूला घराची भिंत आणि दुसऱ्या बाजूला पाणी. मधूनमधून वळणावर मांडीवर बाळ घेतलेल्या त्यांच्या देवीची लहानशी देवळी लागायची. मी गाडीतूनच हात जोडायचो. घाटातल्या देवाला ड्रायव्हरने हात जोडायचे असतात, देव कुणाचा हे विचारत बसायचं नसतं.

तळी चांगली होती, खोटं कशाला बोलू. डोंगर सरळ पाण्यात उतरलेले, पाण्याला लागून घरं, घरांना पिवळा नाहीतर विटकरी रंग. गावं लहान, पण सारवून ठेवल्यासारखी. दुपारी दुकानं बंद करून सगळे जेवायला घरी जातात, ते मला आवडलं. आमच्या भागात एवढं पाणी बघायचं म्हणजे धरणावर जायचं, आणि धरण म्हणलं की पहिलं मनात येतं, खाली कुणाची जमीन गेली. मी जावयांना विचारलं, "हे पानी कुठं सोडत्यात?"

"खाली सपाटीला जातं, मामा. भाताला, मक्याला."

"देऊन एवढं उरतं?"

"देऊन एवढं उरतं."



ओर्ताच्या पुढं माज्जोरे नावाचं मोठं तळं. तिथं गाडीसकट बोटीत चढलो आणि पलीकडच्या काठाला निघालो. बोटीत पोटाला जरा आराम पडला. पोर माझ्या शेजारी कठड्याला टेकून उभी होती. तिचे केस वाऱ्याने तोंडावर येत होते, आणि आईसारखेच ती ते मनगटाने मागं सारत होती.

"आईला बोट लागली असती का हो, अण्णा?"

"तिला झोपाळा लागायचा, बोटीचं काय घिऊन बसलीस."

ती हसली. थोड्या वेळाने म्हणाली, "आवडतंय ना तुम्हाला?"

"आवडतंय की."

"मग राहणार ना?"

"काठ आला बघ," मी म्हणालो, "चल, गाडीत बस." काठ अजून लांब होता. तिला ते दिसत होतं. ती गाडीकडं निघाली.

कोमोच्या तळ्याला पोचलो तो फिरतीचा शेवटचा दिवस. तिथला रस्ता सगळ्यात वाईट, म्हणजे बघायला सगळ्यात चांगला. एका लहान गावात मला परत उतरवावं लागलं. ओकून झाल्यावर पाण्याकडेच्या भिंतीशी एका बाकावर बसवलं. जावयांनी पाणी आणलं. पोर समोरच्या दुकानात जाऊन लिंबू घेऊन आली, देठाला पान असलेलं, संत्र्याएवढं. बायकोच्या पदराच्या गाठीत मावलं नसतं. मी ते नाकाशी धरून, डोकं मागं टेकून, डोळे मिटून बसलो. थोड्या वेळाने डोळे उघडले तर पोर माझ्याकडंच बघत होती.

"अगदी आईसारखे बसलाय."

"व्हय. नखरे नव्हते तिचे."

पोरीने घरून धपाटे करून घेतले होते. दही आणि लसणाची चटणी होती. तिने डबा उघडला तसा भिंतीवर एक पक्षी येऊन बसला. कावळाच होता, पण अंग राखेच्या रंगाचं, डोकं आणि पंख तेवढे काळे. कुणीतरी बंडी घालून पाठवल्यासारखा.

"ह्यो कावळाच का, पाव्हणं?"

"इथले असेच असतात, मामा."

मी धपाट्याचा तुकडा मोडला आणि उठून भिंतीवर ठेवला. कावळा दोन उड्या मारून मागं सरकला. मी पण मागं सरलो आणि हात जोडले. तेव्हा पोरीच्या ध्यानात आलं.

"अण्णा, काय चाललंय?"

"तुझ्या आईसंगं बोलायचंय."

"इथं?"

"तिला आता विसा लागत न्हाई."

मी मनाशी सगळं जुळवलं होतं. म्हणणार होतो की पोरीला शब्दातून मोकळं कर, मला घरी जाऊ दे, आणि तुला पटत असेल तर शिव. खाकरून म्हणालो, "हे बघ..." तोवर कावळ्याने तुकडा उचलला आणि एका होडीच्या टपावर जाऊन खात बसला.

जावई मोठ्याने हसले. मग पोरीकडं बघून थांबले.

पोर म्हणाली, "तुम्ही काही बोललातच नाही अजून."

"न्हाई."

"तरी शिवला."

मी होडीकडं बघितलं.

"म्हणजे त्या दिवशी तोपण नुसता भुकेलाच होता का, अण्णा?"

मला विचारलं तर खरं हेच होतं. ऊन चढलं होतं, माणसं कंटाळून मागं सरली होती, आणि कावळ्याला भूक लागली होती. अगदी ओठावर आलं होतं. हो म्हणलो असतो तर सगळं सुटलं असतं. कसला शब्द आणि कसलं राहणं, दुसऱ्या दिवशी बॅग भरली असती. पण मी पोरीच्या तोंडाकडं बघितलं. आईला शेवटचं बघणं तिच्या नशिबात आलं नव्हतं. आईने आपलं ऐकलं, एवढंच तिच्याजवळ होतं. तेवढं मी काढून घेतलं तर मागं काय उरणार होतं?

"ह्यो परमुलखातला," मी म्हणालो, "ह्याला आपली रीत काय ठावं? आपला आपला व्हता. त्यानं ऐकून घेतलं, मग खाल्लं. सगळं गाव बघत व्हतं."

तिने डोळे पुसले.

"आन् ऐकलं काय त्यानं? तू म्हणालीस, घिऊन जाईन. आनलंस की. घरात ठिवलंस, तळी दावलीस, तळ्याकाठी वकवलंस. शब्द पुरा झाला. माघारी धाडणार न्हाई, असं कुठं म्हणली व्हतीस?"

"एकटं ठेवणार नाही, असंपण म्हणाले होते," ती म्हणाली. आईवर गेलीय. एक शब्द खाली पडू देत नाही.

"तिकडं एकटा कुठाय मी? भाऊ हाय, गाय हाय, शिव्या द्यायला टपरीवर अर्धं गाव हाय. एकटा हितं हाय, बाई. तुमी दोघं कामाला गेला की वर मी आन् तुमचा फ्रिज. त्यो तरी मधी मधी घुरघुरतो."

तिला ते लागलं. लागायला नको होतं, पण ते मी खरं बोललो होतो, आणि एका दिवसात किती म्हणून गिळायचं. जावई उठून पाण्याकडं गेले. शहाणा माणूस.

"आन् तिकडं गाडी लागत न्हाई मला," मी म्हणालो.

"तिकडं स्टेरिंग तुमच्या हातात असतं म्हणून."

तिच्या आईचं वाक्य तिला ठाऊक होतं का नव्हतं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

"म्हणूनच," म्हणालो.

तिने एक धपाटं माझ्या हातात दिलं, एक जावयांसाठी कागदावर ठेवलं, आणि एकाचा चांगला मोठा तुकडा स्वतः भिंतीवर नेऊन ठेवला. हात जोडले. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. ह्या खेपेला कावळा लवकर आला नाही. आम्ही जेवत राहिलो, कुणी तिकडं बघितलं नाही. डबा बंद करताना बघितलं तर भिंत मोकळी होती. कावळ्याने नेलं का तिथल्या बदकाने, देवाला माहीत.

गाडीशी आल्यावर तिने मला मागं, खिडकीशी बसवलं, लिंबू हातात दिलं, आणि पुढचं दार लावता लावता म्हणाली, "दर रविवारी आईला घास ठेवायचा. आणि मला फोनवर दाखवायचा." मी हो म्हणलं. मिलानपर्यंत मला उलटी झाली नाही. डोळे मिटूनच होतो.

परतीचं तिकीट कामाला आलं. आता मी गावाला आहे. गाय दारात आहे. गावाने चार दिवस तोंड वाकडं केलं, "शब्द मोडून आले" म्हणाले. पोरीने शब्दाप्रमाणे नेलं, मग माघारी धाडलं, असं मी सांगितलं आणि विषय बदलला. दर रविवारी मागच्या भिंतीवर भाकरीचा तुकडा ठेवतो आणि पोरीचा फोन आला की मोबाईल तिकडं वळवतो. कावळा कधी असतो, कधी नसतो. नसला तर म्हणतो, "आत्ताच येऊन गेला." पोर म्हणते, "बरं झालं, अण्णा."

भाऊ शेजारी खाटेवर बसलेला असतो. तो भिंतीवरच्या भाकरीकडं बघतो, माझ्याकडं बघतो, आणि बशीत चहा ओततो.